सवतीच्या नावाला ओ

"सुधाकाकू, तुम्ही दिसत नाही. फोन जरा खाली करता का?"

मी फोन खाली करायला गेले आणि ज्या पितळी तांब्याला तो टेकवला होता तो तांब्याच कलंडला. फोन स्टुलावर उताणा पडला.

"आता नुसतं छत दिसतंय, सुधाकाकू," फोनमधून आवाज आला.

"मग बरोबर आहे," मी पुटपुटले. "सुधा वरच असते."

"काय म्हणालात?"

"काही नाही मॅडम. लावते नीट."

फोनमधल्या त्या केतकी मॅडम. पुण्याच्या एका दवाखान्यातून बोलायच्या. पक्षाघात झालेल्या माणसाला घरी आणल्यावर कसं उठवायचं, कसं बसवायचं, घास कसा द्यायचा, त्याच्याशी बोलायचं कसं, हे घरच्या माणसाला फोनवरून शिकवायचं हे त्यांचं काम. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या आमच्या विट्याच्या घरात, सोप्यातल्या स्टुलावर, तांब्याला टेकून बसायच्या. रेंज तेवढ्याच जागी यायची. वयानं माझ्या लेकाएवढ्या, रणजितएवढ्या असतील, पण शाळेत मी कुणा बाईंचं ऐकलं नसेल इतकं त्यांचं ऐकत होते. एका नावाची गोष्ट सोडली तर.

कारण माझं नाव सुधा नव्हतं. माझं नाव मालन. सुधा माझी सवत.

सवत म्हटलं की लोकांना झिंज्या धरून भांडणाऱ्या बायका आठवतात. आमचं तसं काही झालं नाही. मी या घरात यायच्या आधीच ती काविळीनं गेली होती. भांडायला सवत जिवंत लागते. जळायला लागत नाही.

मला दुसरेपणावर दिलेली. सासूबाईंनी उंबऱ्यातच माझ्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. पहिलीची चांदीची एवढीशी प्रतिमा दुसरीनं गळ्यात वागवायची, म्हणजे ती रागावत नाही, असं म्हणतात. तिच्या रागाची काळजी सगळ्यांना. माझ्या रागाची कुणाला नव्हती. दरवर्षी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची तीही मीच. तिला म्हणे कटाची आमटी झणझणीत लागायची. मला तिखट सोसत नाही, तरी मी डोळे पुसत पुसत तिच्या चवीची आमटी करायचे. सासूबाई म्हणायच्या, "बघा, सवतीसाठी रडतीय. किती गुणाची!"

आमचे हे पाट्या रंगवायचे. भालचंद्र कुंभार हे नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं; गावाला ते पेंटर. मीही लोकांपुढं पेंटरच म्हणायचे. दुकानावर पाटी होती 'सुधा आर्ट्स'. लग्नानंतर पहिल्या पाडव्याला मी अगदी लाडात येऊन म्हटलं होतं, "अहो, पाटी जुनी झाली. दुसरं नाव घाला की एखादं." पेंटर म्हणाले, "नाव ओळखीचं झालंय गावात. बदलून कसं चालेल?" आणि त्यांनी त्याच नावावर नवा लाल रंग मारला. खाली हिरवी सावलीसुद्धा दिली.

मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "ए, ऐकलंस का?" एवढीच माझी हाक. त्यांची पिढीच तशी, असं मी मनाला सांगायचे. पण सासूबाईंनीच एकदा कौतुकानं सांगितलं होतं, की आमचा भाला पहिलीला भर अंगणात "सुधा, सुधा" करून हाका मारायचा, आम्हालाच लाज वाटायची. ते ऐकल्यापासून माझ्या मनाची ती समजूत संपली.

बरं, मेलेल्या बाईशी बरोबरी तरी कशी करायची? तिची भाजी कधी खारट होत नाही. तिचे केस पिकत नाहीत. मी म्हातारी होत गेले आणि ती भिंतीवरही नव्हती, की बघून म्हणावं, हिचं नाक जरा बसकंच आहे. फोटो तिच्या माहेरी होता. आमच्या घरात नुसतं नाव होतं.

आणि मग पेंटरांना झटका आला. दूध डेअरीची पाटी रंगवता रंगवता हातातला ब्रश गळाला, आणि उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. सांगलीला दवाखान्यात किती दिवस ते नुसते बघत पडले होते. मी पायाशी बसून तळवे चोळायचे. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, त्यांना समजतं. मी बोलत राहिले. शेजारच्या खाटांपाशी बसलेल्या बायका म्हणायच्या, बाईनं सत्यवान परत आणलाय.

एका सकाळी त्यांचे ओठ हलले. मी धावत उशाशी गेले. रणजितही आला. पेंटरांनी माझ्याकडं बघितलं, सगळा जीव तोंडात गोळा केला आणि स्वच्छ म्हणाले, "सुधा."

शेजारच्या बायकांनी हात जोडले. "नाव घेतलं हो तुमचं!" म्हणाल्या. मी हसले. काय करणार? चार परक्या बायकांच्यात गळ्यातला टाक काढून दाखवायचा होता का?

घरी आल्यावरही तेच. पाणी हवं तर "सुधा". कूस बदलायची तर "सुधा". चहा, पंखा, पाठीला खाज, पोरानं मोबाइलचा आवाज मोठा केला तर त्याच्यावर डाफरायचं, सगळ्याला एकच शब्द. रणजित रजेवर होता तेव्हा त्यानंच तो फोनवरचा वर्ग ठरवला. पहिल्या दिवशी फोन त्याच्या हातात होता. पेंटर खाटेवरून ओरडले, "सुधा!" आणि मी उठून उशी सारखी केली.

"काकूंना बरोबर हाक मारतात की!" केतकी मॅडम फोनमधून खूश होऊन म्हणाल्या. "सुधाकाकू, हे फार चांगलं लक्षण आहे."

रणजितनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पुण्याच्या पोरीला पहिल्याच दिवशी घरचा इतिहास कोण सांगत बसणार? अशी मी सुधाकाकू झाले. रणजित पुण्याला परत गेला, आणि घरात आम्ही तिघं उरलो. पेंटर, मी आणि ते नाव.

काम मी मन लावून शिकले, हे मात्र खरं. मॅडम त्यांच्या खुर्चीत बसून दाखवायच्या, मी इकडं करायचे. माणसाला उठवायचं ते ओढून नाही. पाय मागं घ्यायला लावायचे, पुढं वाकवायचं. नाक पायाच्या बोटांच्या पुढं आलं की बूड आपोआप हलकं होतं. लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावायचा. कमरेला जुन्या धोतराचा पट्टा बांधून त्याला धरायचं. लुळ्या हाताला धरून तर कधीच ओढायचं नाही, खांदा निखळतो. घास देताना हनुवटी खाली. प्रश्न एकावेळी एकच, आणि असा की मान हलवून उत्तर देता येईल.

"आणि शब्दाकडं जाऊ नका, सुराकडं जा," मॅडम म्हणायच्या. "शब्द एकच असला तरी सूर वेगळे असतील. तुम्हाला कळतील बघा."

मला कळायला लागले होते. लांबवलेलं "सुधाऽऽ" म्हणजे चहा. खालच्या पट्टीतलं म्हणजे कंटाळा. आणि तुटक, पाठोपाठ दोनदा आलं की मोरी. तिथं उशीर करून चालायचं नाही. सवतीच्या नावाची इतकी बारीक ओळख तिच्या आईलाही नसेल.

एका शुक्रवारी मॅडम मधेच थांबल्या. "काकू, एक विचारू? ते हाक मारतात, तुम्ही लगेच येता, सगळं बरोबर करता. पण ओ देत नाही."

"काम झाल्याशी कारण," मी म्हटलं.

"नाही ना. ते बोलले आणि ते पोचलं, हे त्यांना कळायला हवं. तुम्ही दिसेपर्यंत त्यांना वाटतं, आपला शब्द हवेत गेला. मग ते घाबरतात, आणखी ओरडतात. आधी ओ द्या, मग या. ही पण एक ट्रीटमेंटच आहे."

"मॅडम, दुसरं काय ते सांगा. ते मी करते."

"ओ द्यायला काय हरकत आहे?"

खाटेवर पेंटर आमच्याकडं बघत होते. मी फोन उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथं रेंज तुटत होती, पण मला तेच बरं वाटलं.

"माझं नाव सुधा नाही," मी म्हटलं. "माझं नाव मालन. सुधा यांची पहिली बायको. ती वारली. आता सांगा, तिच्या नावाला मी ओ देऊ?"

फोनमधला चेहरा गोठला. मला वाटलं रेंज गेली.

"काकू, सॉरी. मला खरंच... इतके दिवस मी तुम्हाला..."

"तुमची काय चूक? तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंत."

मग त्यांनी मला समजावलं. म्हणाल्या, मेंदूत बोलण्याच्या जागेला मार बसला की कधी कधी एखादाच शब्द तोंडात अडकून राहतो. माणसाला म्हणायचं असतं वेगळं, बाहेर तोच पडतो. तो शब्द त्याच्या मनातला असतोच असं नाही. "माझे एक पेशंट आहेत, ते सगळ्याला 'बटाटा' म्हणतात. बायकोला बटाटा, डॉक्टरला बटाटा."

"त्या बाईचं नशीब थोर," मी म्हटलं. "मी बटाट्याला आनंदानं ओ दिली असती."

मॅडम हसल्या नाहीत. मलाही हसू येत नव्हतं. जगात एवढे शब्द पडलेत. तांब्या आहे, खुर्ची आहे, पंखा आहे. मी एवढी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर वावरले, ते माझं मालन हे तीन अक्षरांचं नाव आहे. अडकायला नेमकी तीच सापडावी? डॉक्टरी काय ती डॉक्टरी. माझ्या पोटातली आग काही डॉक्टरीनं विझली नाही.

पुढच्या वेळेपासून मॅडमनी मला मालनकाकू म्हणायला सुरुवात केली. आणि त्यांनी हट्टच धरला, की काकांना 'मालन' म्हणायला शिकवायचं. पेंटरांसमोर आरसा धरला. मी त्यांच्याशेजारी बसले, दोघांची तोंडं आरशात.

"ओठ मिटा, काका. म्म्म. आता उघडा. मा."

पेंटरांनी ओठ मिटले. शहाण्या पोरासारखे आरशातल्या माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "म्म... म्म... सुधा."

"पुन्हा. सावकाश."

"म्म... म्म... सुधा." मग त्यांनी डाव्या हाताची मूठ स्वतःच्या मांडीवर मारली. एकदा, दोनदा. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"त्यांना कळतंय, चुकतंय ते," मॅडम हळूच म्हणाल्या. "बघताय ना?"

मी बघत होते. त्यांना माझं नाव घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. आणि तरी मला तिचाच राग येत होता. उंबऱ्यात आडवी पडलेली बाई, माझ्या नावाला बाहेरच येऊ देत नाही, असं वाटायचं. मी आरसा बाजूला ठेवला आणि त्यांचे डोळे पुसले. ओ मात्र देत नव्हते. जायचे, करायचे, पुसायचे, ओ नाही. बाईमाणसाच्या हातात एवढं तरी असतंच की.

पेंटर त्यानंतर बरीच वर्षं जगले. नंतर आणखी थोडे शब्द आले, 'नको' आला, 'बास' आला, रणजितला 'रण' म्हणायला लागले. मालन कधी आलं नाही. पण मला जे सांगायचंय ते त्याच सुरुवातीच्या दिवसांतलं, पद्माक्का आली त्या दुपारचं.

पद्माक्का म्हणजे सुधाची बहीण, कऱ्हाडची. माझ्यापेक्षा वयानं मोठी. रीतीप्रमाणं मी तिच्या आईबापांची लेकीच्या जागी आलेली लेक. पण अक्का कधी लग्नाकार्याला भेटली तरी माझ्याकडं असं बघायची, जसं कुणी आपल्या बहिणीची साडी नेसून समोर उभं आहे. आजारपणात ती इतके दिवस फिरकली नव्हती. मग कुणीतरी तिला सांगितलं, पेंटरांची वाचा गेली, पण एक नाव राहिलंय.

मंगळवार होता. मॅडम तांब्याला टेकून बसल्या होत्या, पेंटर पट्टा बांधून खुर्चीत. आज खुर्चीतून खाटेवर जायचा सराव होता. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

अक्का आत आली. हातात सफरचंदांची पिशवी आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. चपला काढायच्या आधीच तिला हुंदका फुटला.

"दाजी! वळखलं का मला? मी पद्मा!"

पेंटरांनी तिच्याकडं बघितलं. मान हलवली. ओळखलं होतं. आणि पाहुणी आली की चहा, हा त्यांचा जुना हिशोब, त्यांनी माझ्याकडं तोंड करून लांबवून म्हटलं, "सुधाऽऽ."

अक्कानं तोंडाला पदर लावला. "अगं बाई! खरंच की गं! मला वाटलं लोक उगाच बोलतात." मग डोळे पुसून ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा असा उजळला होता, की मला तो बघवेना. "बघ मालन. एवढी वर्षं झाली. माणसाचं सगळं जातं, पण खरं असतं ते मागं राहतं. ते वर येतंच."

"येतं की," मी म्हटलं. "बसा अक्का. चहा टाकते."

"टाक. मी बसते त्यांच्यापाशी."

मी फोनकडं बघितलं. केतकी मॅडमनी नुसती मान हलवली, जा म्हणून. त्या सगळं ऐकत होत्या.

स्वयंपाकघरात मी पातेलं ठेवलं. आलं किसायला घेतलं आणि किसता किसता बोट किसलं. बाहेर कागद फाडल्याचा आवाज आला.

"ही बघा दाजी, कोण आलीय! आईच्या घरातला फोटो, मोठा करून आणला. ही बघा सुधा!"

म्हणजे ती आली. इतकी वर्षं नुसतं नाव होतं, आता चेहराही आला. मला वाटलं, जावं आणि तो फोटो एकदा बघावा. आणि वाटलं, मरेपर्यंत बघू नये.

पेंटरांचा आवाज काही वेळ आला नाही. अक्काच बोलत होती. लग्नातलं काही, कऱ्हाडच्या संगमावरचं काही. मी साखर टाकली. मग आवाज आला.

"सुधा."

"हो दाजी, सुधाच. केवढी देखणी होती नाही?"

"सुधा, सुधा."

माझा चमचा हातातच राहिला. ती हाक फोटोची नव्हती. तुटक, पाठोपाठ. ती मोरीची होती.

मी नेहमीप्रमाणं, ओ न देता, हात पुसत निघाले. मधल्या दारात अक्का आडवी आली. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले होते, आणि डोळे भरून वाहत होते.

"थांब गं तू. मधेच नको येऊस. मालन म्हणतायत का ते? तिला हाक मारतायत. दोन मिनटं बोलू दे की तिच्याशी."

"अक्का, त्यांना मोरीला जायचंय."

"तुला काय ठाऊक? सुधा म्हणतायत ते!"

"मालनकाकू!" फोनमधून मॅडम ओरडल्या. "काका एकटेच उठतायत!"

अक्काच्या खांद्यावरून मला दिसलं. पेंटरांनी मांडीवरचा फोटो डाव्या हातानं बाजूला सारला होता; तो खुर्चीच्या कडेशी उभा अडकला होता. मी शिकवलेलं त्यांना पाठ झालं होतं. पाय मागं घेतले, पुढं वाकले, नाक बोटांच्या पुढं आलं होतं. पण लुळ्या गुडघ्याला लावायला माझा गुडघा तिथं नव्हता. त्यांची नजर फोटोकडं नव्हती, अक्काकडं नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडं होती.

"सुधा! सुधा!"

अक्का वळली, धावली आणि तिनं जे कुणीही केलं असतं तेच केलं. जो हात आधी सापडला तो धरून ओढला. तो उजवा होता. पेंटर किंचाळले.

"सोडा हात!" मॅडम फोनमधून ओरडत होत्या. "काकू, लांबूनच ओ द्या! तुमचा आवाज ऐकून थांबतील! आधी ओ द्या!"

मी सोप्याच्या या टोकाला, ते त्या टोकाला. पोचेपर्यंत ते पडले असते. आणि मधे ती बाई, जिच्यासमोर मी एवढी वर्षं सुधाची बदली म्हणून उभी राहिले होते. तिच्यासमोर त्या नावाला ओ द्यायची म्हणजे, हो बाई, मी तीच, माझं वेगळं काही नाही, असं आपल्या तोंडानं म्हणायचं. ते मला मरणाहून वाईट होतं. पेंटर अर्धे उठले होते आणि उजवा गुडघा थरथरत वाकायला लागला होता.

"ओ!" मी म्हटलं. "ओऽऽ! आले! बसा!"

केवढ्यानं म्हटलं कुणास ठाऊक. पेंटर थांबले. चेहरा एकदम सैल पडला. हाक पोचली होती. सावकाश, मागं सरकत, धपकन खुर्चीत बसले आणि माझ्याकडं बघत राहिले, आता ही येतीय, आता काळजी नाही, असे.

मी गेले. अक्काचा हात त्यांच्या हातावरून सोडवला. गुडघ्याला गुडघा लावला, पट्टा धरला. "मोरी?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "चला."

उठताना त्यांनी डावा हात माझ्या मानेभोवती टाकला आणि माझ्या कानाशी, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "सुधा." हा सूर मी आधी ऐकला नव्हता. चहाचा नव्हता, पाण्याचा नव्हता, कंटाळ्याचा नव्हता. एवढं मात्र मला लख्ख कळलं, की हे त्या फोटोतल्या बाईला म्हटलेलं नाही. ते मला होतं.

"ओ," मी पुन्हा म्हटलं. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना मोरीजवळच्या आतल्या खोलीत दुसऱ्या खाटेवर निजवून मी बाहेर आले तेव्हा फोनमधल्या मॅडम म्हणाल्या, "मालनकाकू, मी ठेवते आता. शुक्रवारी बोलू." एरवी त्या शाबासकी दिल्याशिवाय ठेवत नसत. त्या दिवशी गप्प ठेवला.

अक्का खुर्चीच्या कडेचा फोटो उचलून मांडीवर घेऊन बसली होती. मी तो बघितला. नाक काही बसकं नव्हतं. चांगली होती बाई. माझ्या रणजितपेक्षाही लहान दिसत होती.

चहा उतू गेला होता. उरलेला कपात ओतून मी अक्कापुढं ठेवला. तिनं हात लावला नाही.

"मला ठाऊक नव्हतं हात ओढायचा नसतो," ती म्हणाली.

"मलाही नव्हतं. शिकवलं तेव्हा कळलं."

मग बराच वेळ ती फोटोच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिली. "त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही गं," म्हणाली. "मी एवढी कऱ्हाडवरनं घेऊन आले. बाजूला सारली. आणि तू नुसतं ओ म्हणालीस तर..." तिनं फोटो जवळ ओढला. "या घरात माझ्या बहिणीचं काय राहिलं होतं? पोर नाही, लुगडं नाही. एक नाव तेवढं होतं. ते पण घेतलंस तू."

तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. आतून कसं जळतं, घशाशी कसं येतं, चहा समोर असून कसा गिळवत नाही, हे विट्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एवढी वर्षं मी वाट बघितली होती, की कधीतरी त्या बाजूच्या कुणाला तरी माझा हेवा वाटावा. आता तो समोर बसला होता, आणि मला त्याचं काय करावं ते कळेना.

"मी मागितलं नव्हतं, अक्का," मी म्हटलं.

आतून हाक आली. लांबवलेली. आम्ही दोघी चहा पितोय आणि आपल्याला नाही, हे पेंटरांना कळलं असावं.

"सुधाऽऽ!"

मी उठले नाही. अक्काकडं बघत राहिले. ती फोटोवर हात ठेवून बसली होती. मला पहिल्यांदाच वाटलं, की हिला विचारल्याशिवाय तोंड उघडू नये.

हाक पुन्हा आली. अक्कानं पदरानं नाक पुसलं, फोटो छातीशी धरला आणि माझ्यावर खेकसली.

"माझ्याकडं काय बघतीस? तुला हाक मारतायत. ओ दे."